मोहघाटच्या बॉम्बरची खुर्ची

मोहघाट, ता. केळापूर
९ सप्टेंबर २००६

रहेमान,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच चुलीत घातलं नसशील, असं धरून लिहितो आहे. बावीस वर्षांनी माणूस काय विचारतो? कसा आहेस, तब्येत कशी, घरचे कसे. तेच विचारतो. दुसरं काही सुचत नाही.

तुझा पत्ता मुकुटबनच्या बळीराम पोस्टमननं दिला. उमरखेडला बसस्टँडच्या मागे फवारणीचे पंप दुरुस्त करतोस म्हणाला. दुकानाला पाटी नाही, तरी लोक विचारत विचारत येतात म्हणे. ऐकून बरं वाटलं. बॉम्ब आणि खुर्च्या सांभाळणारा एअर फोर्सचा आर्मरर पंपाचे वायसर बदलतो याचं वाईटही वाटलं, पण ते मी कोणत्या तोंडानं लिहू?

माझं सांगतो. मोहघाटची हवाईपट्टी तुला आठवत असेल. इंग्रजांच्या लढाईतली. शाळा बुडवून एका सायकलवर डबलसीट आपण ती बघायला आलो होतो आणि भरतीला जायचं तिथंच ठरलं होतं. त्या पट्टीवर गेल्या वर्षी एक जुना बॉम्बर आणून ठेवलाय. कॅनबेरा, आपलीच. चार ट्रकांवर तुकडे करून आणली, पंख वेगळे, शेपूट वेगळं. तीन सिमेंटच्या ओट्यांवर उभी केली, भोवती तारेचं कुंपण घातलं, बाग म्हणून चार कण्हेरी लावल्या. माजी सैनिक म्हणून राखणदारी मला मिळाली. धूळ पुसायची, पोरांना पंखावर चढू द्यायचं नाही, पाहुणे आले की माहिती सांगायची. पोरं विचारतात, बाबा, याच्यातून किती बॉम्ब टाकले? मी म्हणतो, मी फक्त नटबोल्ट आवळले रे.

गेल्या हिवाळ्यात कापसाच्या गाड्या खरेदीसाठी आठ-आठ दिवस या पट्टीवर उभ्या होत्या. मध्येच पाऊस आला तेव्हा लोकांनी सगळा कापूस ओढत ओढत बॉम्बरच्या पोटाखाली आणला. मी कुंपणाचं फाटक उघडून दिलं. यंदा पाहुण्यांची रीघ आहे. घराघरात माणसं औषध पिऊन मरताहेत म्हणून मोठे लोक हेलिकॉप्टरनं येतात, उतरायला जागा हीच एक. रडणाऱ्या बायांना भेटतात आणि निघता निघता बॉम्बरजवळ उभं राहून फोटो काढतात. मी टोपी सरळ करून बाजूला उभा राहतो. कंटाळा आला आहे रहेमान, दुसरा शब्द नाही.

एक छोटं काम होतं. खुर्चीचं. तुझ्या हातचं आहे, म्हणून आठवण आली. एखाद्या दिवशी येऊन गेलास तर बरं होईल. मुद्दाम असं काही नाही.

घरून रुपीबाईनं सलाम सांगितला आहे. अम्मीला माझा सलाम सांग. नाही सांगितलास तरी चालेल.

किसनसिंग राठोड

---

मोहघाट
२५ सप्टेंबर २००६

रहेमान,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं होतं असंही नाही. तुझे रोजे सुरू झाले असतील. उपाशी माणसाला त्रास द्यायची माझी जुनी खोड आहे.

मागच्या पत्रात लिहिलं की मुद्दाम असं काही नाही. ते खोटं होतं.

पायलटच्या खुर्चीखालचं, ती वर उडवणारं काडतूस तसंच आहे. जिवंत.

तुला समजावून सांगायची गरज नाही, पण मला स्वतःलाच एकदा नीट लिहून बघायचं आहे. विमान जोडायला ठेकेदाराची माणसं आली होती. सोबत आलेल्या यादीत स्पष्ट होतं: जोडणी झाल्यावर जाणकार माणसाकडून खुर्चीचं काडतूस काढून घ्यावं, आणि काढल्याचं पाहून स्थानिक माजी सैनिकानं सही करावी. जाणकार माणूस पुढच्या आठवड्यात येतो म्हणाले. इकडे एक मेला उद्घाटन ठरलेलं. सरपंच पुंडलिकराव डोक्यावर येऊन बसले. "अहो राठोड, करा ना सही, तो माणूस येऊनच राह्यला, कागदासाठी काय अडवता?" मी 'काढले, पाहिले' असं लिहून सही ठोकली. जाणकार माणूस काही आला नाही. मीही विचारलं नाही. खुर्चीला दोन सेफ्टी पिना होत्या, लाल फडक्याच्या. पिना आहेत तोवर काही होत नाही, असं स्वतःला सांगत दीड वर्ष काढलं.

यंदा पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर शाळेची पोरं रांगेनं आत बसवली. हो, मीच बसवली, काखेत धरून एकेक. सगळे गेल्यावर आत वाकून पाहतो तर वरची पिन गायब. लाल फडकं छान दिसलं असेल, कोणीतरी खिशात घालून नेली. डोक्यावरची ती पिवळी-काळी मूठ, जी ओढली की खुर्ची माणसाला घेऊन छतातून बाहेर जाते, तिला आता काहीच अडवत नाही. त्यादिवशी किती पोरांनी ती मूठ धरली असेल ते मी मोजायला बसलो आणि मध्येच सोडून दिलं.

तेव्हापासून आत मधमाश्यांचं मोठं पोळं आहे असं सांगून दाराला कुलूप लावून ठेवलं आहे. माझ्या हातानं दुसरी पिन बसवायला गेलो, पण मी एअरफ्रेमवाला, विमानाच्या सांगाड्याचा माणूस, त्या खुर्चीला हात लावायची मला भीती वाटते. हे तुझं काम. तू ये, गुपचूप ते काडतूस काढ, पट्टीच्या कडेला खड्ड्यात पुरू, आणि कागदावर जे आहे ते खरं होऊन जाईल. कोणाला कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

यवतमाळहून पांढरकवड्याची गाडी सकाळी आठला आहे. फाट्यावर मी सायकल घेऊन उभा राहीन.

किसनसिंग

---

मोहघाट
११ ऑक्टोबर २००६

रहेमान,

तुझ्या मुलीचं पत्र मिळालं. कहकशांचं अक्षर सुंदर आहे, कुठपर्यंत शिकली? पत्रात मात्र तिनं तुझे शब्द जसेच्या तसे उतरवले आहेत, ते काही सुंदर नाहीत. "किसन्याले लिही. त्यावेळेस त्याच्या कामावर मी सही केली. आता त्यानं सही केली अन् काम मले सांगून राह्यला. दोन्ही वेळेस माही मानच पाहिजे का तुले? ज्यानं सही केली, त्यानंच जाऊन सांगावं."

वा रे वा. इथं पोरांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि तू चौऱ्याऐंशी साल काढून बसलास. मी तुझ्या घरी भीक मागायला आलो नाही. आणि त्यावेळी चौकशीत 'हो, मी पाहिलं होतं' असं तू तुझ्या तोंडानं म्हणालास. मी तुला म्हण म्हटलं नव्हतं. आपल्या तालुक्याची दोनच माणसं त्या बेसवर होती, एकानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही हा रिवाजही तूच काढलास. "गाववाल्याचं काम काय पाहायचं बे?" म्हणायचास आणि रजिस्टर माझ्या हातातून ओढून सही करायचास. मग सगळं माझ्याच माथी का?

(१२ तारीख, सकाळ)

वरचं काल लिहिलं. फाडणार होतो, पण राहू दे. माझ्या मनात काय काय निघतं ते तुलाही कळू दे.

आता सरळ लिहितो. चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये आपल्या बेसवर एका बॉम्बरच्या पोटाची दारं उघडी ठेवून आत काम चाललं होतं. दारांना दोन लोखंडी लॉक लावायचं काम माझं होतं. मी एक लावलं. दुसरं स्टोअरमधून आणायचं होतं, तेवढ्यात चहाची गाडी आली. तू विचारलंस, "लावले का रे दोन्ही?" मी म्हणालो, "लावले." तू न वाकता सही केलीस. मग वर कोणीतरी हायड्रॉलिकचा पंप मारून पाहिला, एका लॉकनं दार धरलं नाही, आणि आत हात घालून बसलेल्या त्या मद्रासी एअरमनचा पंजा दारात सापडला.

चौकशीत साहेबानं मला आधी बोलावलं. मी सांगितलं, दोन्ही लावले होते, नंतर कोणी काढलं असेल तर माहीत नाही. तू बाहेर बाकावर बसला होतास. आत जाताना माझ्याकडे पाहून मान हलवलीस, म्हणजे घाबरू नको. आत जाऊन म्हणालास, हो, मी दोन्ही लॉक डोळ्यांनी पाहिले. मग दुसरं लॉक स्टोअरमध्येच सापडलं, पाकिटात बंद. खोटी सही आणि वर खोटी साक्ष, म्हणून तुला काढून टाकलं. मी विसरलो असेन असं समजून माझी एक वेतनवाढ थांबवली. मी पुन्हा आत जाऊन 'मी त्याला लावले म्हणून सांगितलं होतं' एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. बोललो नाही. रुपीबाईला आठवा महिना होता, हे कारण मी इतकी वर्षं स्वतःला देत आलो आहे. खरं कारण तेवढंच नव्हतं. भीती वाटली.

तुमच्या मुकुटबनला लोक काय बोलले ते मला तीन वर्षांनी, सुटीवर आलो तेव्हा कळलं. मुसलमान होता, पाकिस्तानला काहीतरी दिलं असेल, म्हणून काढलं. तुझ्या अब्बांच्या दुकानात लोकांनी बैलांना नाल मारून घ्यायला येणं बंद केलं. दुकान उमरखेडला हलवावं लागलं. मी त्या सुटीत मुकुटबनला गेलोच नाही. तांड्यावरूनच परत गेलो. एक शब्द बोललो असतो तर चार तोंडं तरी बंद झाली असती.

इकडे पुंडलिकरावांनी काल मधमाश्या काढणारा माणूस आणला, धूर करायचा टेंभा घेऊन. पोळं कुठं आहे म्हणाला. मी म्हणालो, उडून गेलं. पुंडलिकराव माझ्याकडे बघत राहिले. चौदा नोव्हेंबरला मोठे पाहुणे येणार आहेत. ज्यांचे बाप गेले, अशी दहा पोरं बॉम्बरच्या खुर्चीत बसवून फोटो काढायचे ठरलं आहे. कुलूप उघडून ठेवा म्हणून लेखी आदेश आला आहे.

तू येणार नाहीस हे कळलं.

किसनसिंग

---

मोहघाट
२६ ऑक्टोबर २००६

रहेमान,

काल ईद झाली. यंदा दिवाळी आणि ईद एकाच आठवड्यात, दोन्हीकडं सारखीच थंड. आमच्या तांड्यावर दिवाळीचे दिवे घेऊन घरोघर मेरा मागायला निघालेल्या पोरींना कित्येक घरांनी दार उघडलं नाही, घरात सुतक. तुमच्याकडे शिरखुर्मा झाला असेल. तुझ्या अम्मीच्या हातचा मी दोन वाट्या खायचो, तिसरी ती न विचारता वाढायची.

मी पत्रं लिहिली. तीन. एक, जिथून विमान आलं त्या डेपोला: खुर्चीचं काडतूस जिवंत आहे, काढल्याचा दाखला खोटा आहे, सही माझी आहे. दुसरं तेच जिल्ह्याच्या साहेबांना. तिसरं हवाई दलाच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, चौऱ्याऐंशीच्या चौकशीबद्दल. त्यात अपघात थोडक्यात सांगून मी लिहिलं, 'कॉर्पोरल शेख रहेमान यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दावर विश्वास ठेवून सांगितलं. लॉक मी लावलं नव्हतं आणि लावलं असं त्यांना मी सांगितलं होतं.' सोबत नक्कल जोडतो. इंग्रजी स्पेलिंगं कहकशांकडून तपासून घे, पाठवून झाली आहेत तरी.

मागच्या आठवड्यात पाकिटं दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. पांढरकवड्याच्या पोस्टापर्यंत गेलो आणि ज्वारीचं पीठ घेऊन परत आलो. रुपीबाईनं विचारलं, "टाकली का चिठ्ठी?" मी म्हणालो, पोस्ट बंद होतं. ती म्हणाली, "बुधवारी काहून बंद राहीन? खोटं बोलाले बी तुले आता जमत नाही." दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत आली आणि पोस्टाच्या पायरीवर बसून राहिली. रजिस्टर पोस्टाची पावती हातात पडेपर्यंत उठली नाही.

पुंडलिकरावांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले. मग म्हणाले, "राठोड, तुमी सोता तर बुडालेच, मलेबी बुडवलं. चूप बसले असते तर काय बॉम्ब फुटणार होता?" मी म्हणालो, हो, तोच फुटणार होता. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. उद्घाटनाच्या दिवशी त्यांचा नातू त्या खुर्चीत पहिला बसला होता, ते आठवलं असेल.

सध्या मी खाट बॉम्बरच्या दारासमोर टाकून बसतो. कुलूप दोन लावली आहेत. चौदाच्या आत कोणी आलं तर ठीक, नाही तर फाटकात आडवा पडेन. छप्पन्नाव्या वर्षी एवढंच येतं.

किसनसिंग

---

मोहघाट
१० नोव्हेंबर २००६

रहेमान,

परवा तू आलास आणि माझ्याशी एक वाक्य बोलून गेलास. मला बोलायचं होतं ते राहिलं, म्हणून लिहितो.

डेपोची जीप आली तेव्हा कुंपणाबाहेर पन्नासेक माणसं जमली होती. त्यांत तू आहेस हे मला माहीत नव्हतं, दिवस तुला बळीराम पोस्टमननं कळवला असेल. डेपोच्या साहेबांनी सगळ्यांना शंभर पावलं मागे हटवलं. तो तरुण सार्जंट आत चढला आणि खुर्चीच्या खालून हात घालायला वाकला, तेवढ्यात मागून आवाज आला, "आधी वरची पिन! वरची बसव, मग खाली जा!" सगळं मैदान वळून पाहायला लागलं. बावीस वर्षांनी ऐकला तरी तुझा आवाज मी ओळखला. आवाजात तीच जरब, फक्त दाढी पांढरी झाली आहे. सार्जंट गोंधळला. मग त्यानं आपली पुस्तिका पाहिली आणि मान हलवली, कारण तूच बरोबर होतास. या खुर्च्या त्यानं दोनदाच हाताळल्या होत्या, असं त्यानं मला नंतर सांगितलं.

साहेबांनी विचारलं, हा माणूस कोण? तेव्हा माझ्या तोंडातून जे निघालं ते तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही, वारा उलटा होता. म्हणून पुन्हा लिहितो. मी म्हणालो, "हे कॉर्पोरल शेख रहेमान, आर्मरर. चौऱ्याऐंशी साली ज्या चुकीसाठी यांना काढलं ती माझी होती." मोठ्यानं म्हणालो. पुंडलिकराव शेजारीच होते. मुकुटबनची चार माणसं होती, त्यांत एक तर तुमच्या जुन्या घरासमोरचा. साहेब भला माणूस, चाळिशीचा असेल. म्हणाला, बाबा, ती फाईल आता कुठं असेल देव जाणे, अर्ज केला आहे तर उत्तर येईल. मग तुला आत बोलावलं. दारात उभा राहून तू सार्जंटला एकेक पायरी सांगत होतास आणि मी लांबून पाहत होतो. काडतूस बाहेर निघालं, वाळूच्या पेटीत गेलं. सार्जंटनं तुला कडक सलाम केला. तुझा हात अर्ध्यात वर गेला आणि तू तो पुन्हा खाली घेतलास.

मी पाण्याचा तांब्या घेऊन आलो. मला वाटलं होतं, मी बोलून मोकळा झालोय, आता तू शिवी देशील, मग रडशील, मग आपण फाट्यावर जाऊन चहा पिऊ. इतका मूर्ख आहे मी अजून. तू पाणी प्यायलास, तांब्या परत दिलास आणि म्हणालास, "मले काहून सांगतो? मले तर मालूमच होतं. अम्मीले सांग." आणि फाट्याकडे चालायला लागलास. सायकल घेऊन मी मागे आलो, पण तू थांबला नाहीस.

चौदा तारखेचा कार्यक्रम होणार आहे. खुर्ची आता लाकडाच्या पाटासारखी निरुपद्रवी आहे, दहा पोरं खुशाल बसतील. मी मात्र नसेन. उद्यापासून काम बंद म्हणून कागद हाती आला आहे, आणि खोट्या दाखल्याबद्दल काय करायचं ते नंतर कळवणार आहेत. मला वाईट वाटत नाही. थकल्यासारखं वाटतं.

एकोणीस तारखेला, रविवारी, उमरखेडला येतो.

किसनसिंग

---

मोहघाट
२० नोव्हेंबर २००६

रहेमान,

काल तू मुद्दाम दुकानात थांबलास हे मी समजलो. बरं केलंस. तू समोर असतास तर मी तुझ्याकडे बघत बोललो असतो. कहकशां दार उघडून, पाणी देऊन आत स्वयंपाकात गेली. तिला सगळं माहीत आहे, तरी मला 'काका' म्हणाली. तेव्हा काय बोलणं झालं ते तुला माझ्याकडूनच कळलं पाहिजे.

तुझी अम्मी खाटेवर बसून मेथी निवडत होती. किती लहान झाली आहे ती. मी दारातूनच म्हणालो, "याडी, मी किसन, तांड्यावरचा." आमच्या बोलीतलं आई. लहानपणी मी तिला तेच म्हणायचो, अजूनही तोंडात तेच आलं. तिनं चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाली, "किसन का रे? किती दिसांनी आला. बस. जेवला का?" मी म्हणालो, जेवलो नाही, पण आधी बोलू दे, मग तू जेवायला घालायचं का नाही ते ठरव.

मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. चहाची गाडी, एकच लॉक, 'लावले' म्हणालो ते, बाकावर बसलेला तू, मी बोललो नाही ते. गाळलं काही नाही. ती मेथी निवडत राहिली. मध्येच हात थांबायचा, पुन्हा चालू व्हायचा. तुझे अब्बा गेले तेव्हा लोकांचं बोलणं त्यांच्या मनात राहिलं होतं का, हे मी विचारणार नव्हतो, पण विचारलं. ती म्हणाली, "राह्यलं होतं. रोज म्हणत, 'माह्या पोरानं काही केलं नाही ना, खातून?' मी म्हणो, नाही केलं. ते म्हणत, तुले काय मालूम." मी तिच्या पायांना हात लावला, तिनं पाय आखडले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही.

मला वाटलं, आता ती मला बाहेर काढेल. काढायलाच हवं होतं. तिनं मेथीच्या काड्या बाजूला सारल्या आणि विचारलं, "त्या दुसऱ्या पोराचा हात कसा हाय आता?"

मला कळलंच नाही. कोणत्या पोराचा?

"अरे, ज्याचा पंजा दारात सापडला त्याचा. त्याले घरदार असंन. काम करता येते का त्याले?"

मी म्हणालो, माहीत नाही. ती म्हणाली, "कुठं राहते?" माहीत नाही. केरळातला होता का मद्रासकडचा, तेही माहीत नाही. ती म्हणाली, "नाव काय रे त्याचं?"

रहेमान, मी तिथं बसून खूप आठवलं. तो सावळा होता, आपल्यापेक्षा उंच होता, बराकीत सकाळी मोठ्यानं देवाचं म्हणायचा, त्याचं नुकतंच लग्न झालं होतं आणि बायकोच्या पत्रांवरून आपण त्याची थट्टा करायचो. त्याला अॅम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हा मी त्याचं घड्याळ जमिनीवरून उचललं होतं आणि कोणाच्या तरी हातात दिलं होतं. हे सगळं आठवलं. नाव नाही आठवलं. आपण सगळे त्याला मद्रासीच म्हणायचो. तीन पत्रं लिहिली मी, तीन ठिकाणी सह्या केल्या, आणि चौकशीच्या पत्रात त्याच्याबद्दल एवढंच आहे, 'एक एअरमन जखमी झाला.'

तुझ्या अम्मीनं कहकशांला हाक मारून भाकरी टाकायला सांगितली. मी जेवलो. तिनं वाढलं तेवढं सगळं जेवलो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

तू आणि तो एकाच बराकीत होतात, शेजारच्या खाटांवर. तुला त्याचं नाव माहीत असेल. असेल तर कळव. नसेल तर तसं कळव.

किसनसिंग